चौथऱ्यावरच्या विमानाचा पावसाळा

निवृत्त लढाऊ विमान शाळेच्या आवारात किंवा गावच्या चौकात येतं. पहिल्या दिवशी हार पडतात, दुसऱ्या दिवशी फोटो निघतात आणि पहिल्या पावसानंतर त्याच्या पोटात पाणी साठायला लागतं. हार आणि फोटो सगळ्यांना दिसतात, पाणी कुणालाच दिसत नाही. चार-पाच वर्षांनी रंगाखाली फुगे येतात, पोटाच्या पत्र्यातून पांढरी भुकटी गळू लागते, आणि मग वर्गणी काढून नवा रंग मारला जातो. आतलं पाणी होतं तिथेच राहतं.

विमान बांधणारा कारखाना पाण्याचा निचरा विचारपूर्वक ठेवतो. पंखाच्या, धडाच्या आणि शेपटीच्या खालच्या पत्र्याला जागोजागी छोटी भोकं असतात. पण ती भोकं विमान तीन चाकांवर उभं असताना किंवा सरळ उडताना सर्वांत खाली येतील, अशा हिशेबाने पाडलेली असतात. आपण तेच विमान खांबावर नाक वर करून, झेप घेतल्यासारखं बसवतो. झेपेचा तो कोन दिसायला सुंदर असतो, पण त्यामुळे सर्वांत खालची जागा मागे सरकते आणि कारखान्याची भोकं उंचावर कोरडी राहतात. पाणी शेपटीकडच्या एखाद्या आडव्या फ्रेमला अडून बसतं. म्हणून विमान बसवून झालं की पहिलं काम रंगाचं नसतं. नव्या कोनात प्रत्येक कप्प्याचा तळ कुठे आला ते शोधायचं आणि तिथे ६ ते ८ मिलिमीटरचं भोक पाडायचं. भोकाची कड घासून गुळगुळीत करायची आणि उघड्या धातूला प्रायमर लावायचा. कुठे पाडायचं हे अंदाजाने ठरवू नये. वरच्या झाकणातून दोन-तीन लिटर पाणी ओतून ते कुठे थांबतं, हे टॉर्च आणि आरशाने पाहावं.

हे इतकं तपशिलात लिहायचं कारण आपला सातारा-सांगलीचा भाग. सातारची सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजी सुरू झाली, देशातली पहिली. त्याच्या सहाच दिवस आधी, १७ जूनला, बंगळूरला एचएफ-२४ मरुत या भारतात विकसित झालेल्या पहिल्या लढाऊ जेट विमानाने पहिलं उड्डाण केलं होतं. ज्यांनी १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी काढली त्या वालचंद हिराचंदांचं नाव सांगलीचं अभियांत्रिकी महाविद्यालय आजही चालवतं. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांत घरटी कुणीतरी फौजेत गेलेलं असतं. हवाई दलातून निवृत्त होऊन आलेले एअरफ्रेम फिटर, इंजिन फिटर, इलेक्ट्रिशियन या दोन्ही जिल्ह्यांत आहेत आणि त्यांच्या हातात असलेली विद्या कुठल्याही पुस्तकापेक्षा मोठी आहे. मिग-२१ आपल्या हवाई दलात १९६३ मध्ये आलं आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला निवृत्त झालं. आता ही विमानं आपल्याकडेही मागितली जातील. मागण्याआधी ती सांभाळायची कशी, हे माहीत असायला हवं.

विमान पुन्हा उडवण्याचा विचार मनातून काढून टाकावा. ब्रिटनमध्ये लोकवर्गणी आणि स्वयंसेवकांच्या बळावर व्हल्कन हे चार इंजिनांचं बॉम्बर २००७ ते २०१५ अशी आठ वर्षं पुन्हा आकाशात होतं. तिथे पैसा, लोक आणि प्रेम यांची कमतरता नव्हती. तरीही तांत्रिक जबाबदारी घेणाऱ्या कंपन्यांनी हात काढून घेतल्यावर ते थांबवावं लागलं. आपलं काम जमिनीवरचं आहे: विमान जसं सेवेतून आलं तसं पुढच्या पिढीपर्यंत पोचवणं. हे काम कमी प्रतीचं मुळीच नाही.

हात लावण्याआधीची गोष्ट मात्र ठासून सांगावी लागते. लढाऊ विमानात वैमानिकाला बाहेर फेकणारी इजेक्शन सीट असते आणि ती स्फोटक काडतुसांवर चालते. कॅनपी, म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण, उडवायला वेगळी काडतुसं असतात, इंजिनची आग विझवणाऱ्या बाटल्यांनाही छोटा स्फोटक पेटवा असतो. हे सगळं निष्क्रिय करून काढून घेतल्याचा लेखी दाखला विमानासोबत आला पाहिजे. तो नसेल तर कॉकपिटमध्ये कुणीही पाय ठेवायचा नाही, शाळेच्या मुलांना तर पायरीवरसुद्धा चढू द्यायचं नाही. लाल सेफ्टी पिन लावलेली आहे एवढ्यावर विसंबू नये, कारण पिन फक्त चाप अडवते, काडतूस जागेवरच असतं.

यानंतर दाब. हायड्रॉलिक ॲक्युम्युलेटरमध्ये (तेलाचा दाब साठवणाऱ्या टाकीत), ऑक्सिजनच्या बाटल्यांत, चाकाच्या शॉक स्ट्रटमध्ये (धक्के झेलणाऱ्या पायात) वायू कोंडलेला असतो. स्ट्रटचा नट गॅस न सोडता उघडला तर आतला दांडा गोळीसारखा बाहेर येतो. व्हॉल्व्हमधून गॅस सावकाश सोडायचा, समोर तोंड न्यायचं नाही. जुन्या रशियन आणि ब्रिटिश दोन्ही विमानांतलं हायड्रॉलिक तेल लालसर, खनिज प्रकारचं असतं. गॅरेजमधलं ब्रेक ऑइल त्यात घातलं तर सील फुगून निकामी होतात.

कॉकपिटमधल्या जुन्या घड्याळी डायलांवरचा हिरवट रंगही तितकाच गंभीर आहे. १९५०-६०च्या काळातल्या बऱ्याच डायलांवर रेडियम असतं. अंधारात आता ते चमकत नाही, म्हणून लोकांना वाटतं की त्यातला जोर संपला. चमक देणारं झिंक सल्फाइड थकलेलं असतं, रेडियम नाही. त्याचं अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षांचं आहे. अशा डायलची काच उघडायची नाही, रंग खरवडायचा नाही. काच फुटलेली असेल तर गायगर काउंटर असलेल्या तज्ज्ञाला बोलावेपर्यंत कॉकपिट बंद ठेवायचं. प्रायमरचा पिवळा-हिरवा थर क्रोमेटचा असतो आणि त्याची धूळ कर्करोगाला कारण ठरते. म्हणून कोरडी घासाई नाही. पाणी लावून, पी-१०० फिल्टरचा मास्क घालूनच घासायचं, आणि तो गाळ गटारात न सोडता डब्यात भरून ठेवायचा. नाकाला रुमाल बांधून ग्राइंडर चालवणारे कसबी हात आपल्याकडे खूप आहेत. त्यांना हे समजावून सांगणं हे आयोजकांचं कर्तव्य आहे.

आता कामाचं वेळापत्रक. आपल्याकडे ते निसर्ग आणि साखर कारखाने मिळून ठरवतात. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि त्याच जिल्ह्यात माण-खटावला ५००च्या आसपास. दहिवडीत विमान ठेवणं आणि मेढ्यात ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत. दहिवडीत रबर आणि कॅनपी उन्हाने जाते, मेढ्यात पत्रा पाण्याने. सांगलीला तिसराच प्रकार. पाऊस मध्यम, पण उसाचा हंगाम सुरू झाला की कारखान्यांच्या चिमण्यांची काजळी आणि शेतातल्या जळत्या पाचटाची राख हवेत असते. ओल्या रंगावर ती बसली की रंग खरखरीत होतो. वाळल्या रंगावर बसली की दव धरून ठेवते आणि रिव्हेटच्या कडेला ओल टिकते.

त्यामुळे सांगलीकडे बाहेरचा रंग करायचा तर पाऊस ओसरल्यापासून गव्हाणीत मोळी पडेपर्यंतचे, म्हणजे गाळप सुरू होईपर्यंतचे, काही आठवडेच हाताशी असतात. ते चुकले तर सरळ मार्च-एप्रिलची वाट पाहावी. घाईने डिसेंबरात मारलेला रंग पुन्हा घासावा लागतो. उलट, कारखान्यातले हंगामी फिटर आणि वेल्डर पावसाळ्यात मोकळे असतात. बाहेर काही करता येत नाही तेव्हाच सर्वांत कसलेले हात उपलब्ध असतात, हा योग सोडू नये. चाकं, ब्रेक, झाकणं, कॉकपिटचे पॅनेल, खांबाचे पोलादी भाग असं जे जे सुटं करून शेडमध्ये नेता येतं ते जून ते सप्टेंबर करायचं.

सुटं करताना खरी परीक्षा स्क्रूची. पन्नास वर्षं बसलेला पोलादी स्क्रू ॲल्युमिनियमच्या भोकात गंजून एकजीव झालेला असतो. जोर लावला की डोक्याची खाच जाते. आधी भेदक तेल घालून २४ तास थांबायचं, मग हॉट एअर गनने भोवतीचा पत्रा गरम करायचा (ज्योत नको, या मिश्रधातूची ताकद उष्णतेने जाते), मग इम्पॅक्ट ड्रायव्हर आणि हातोडीचा एकच नेमका ठोका. तरीही न निघाल्यास डोकं ड्रिलने उडवून झाकण काढायचं आणि उरलेला दांडा पकडीने फिरवायचा. प्रत्येक झाकणाचे स्क्रू वेगळ्या पिशवीत, पिशवीवर जागा लिहून. रशियन विमानांत आटे मेट्रिक असतात. जुन्या ब्रिटिश बनावटीच्या विमानांत बीएसएफ आणि बीए हे जुन्या ब्रिटिश मापाचे आटे भेटतात. मेट्रिक बोल्ट दोन फेरे फिरतो, मग अडतो, आणि तिथे पाना लावून दामटलं की भोकातले मूळ आटे कायमचे गेले. पोलादी बोल्टवर पिवळसर झाक दिसली तर ते कॅडमियम आहे, विषारी. त्याला ग्राइंडर लावायचा नाही.

मिग-२१चं शेपटीकडचं धड २८ क्रमांकाच्या फ्रेमपाशी सुटं होतं. इंजिन बदलण्यासाठी ही सोय मुळातच आहे. जतन करणाऱ्यांना याचा फार उपयोग, कारण कचरा, घरटी आणि गाळ साठण्याच्या वाईट जागा या सांध्याच्या दोन्ही बाजूंना असतात. पण इंजिन काढून टाकलं असेल तर वजनाचा मध्य पुढे सरकलेला असतो. खांबाचा हिशेब करणाऱ्या अभियंत्याला हे सांगितलं नाही तर तो कागदावरच्या मूळ वजनांवर विसंबतो.

गंज म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर तांबूस लोखंड येतं. विमानाचा गंज पांढरा असतो. धडाचा पत्रा ॲल्युमिनियम-तांबं मिश्रधातूचा. ताकदवान, पण ओलीला हळवा. पृष्ठभागावर भुकटी असेल तर ते सोपं प्रकरण. जाड भागांत, म्हणजे पंखाच्या मुख्य दांड्यात किंवा बिजागरीच्या जागी, धातू आतून सुटत जातो आणि शिळ्या चपातीसारखे पापुद्रे निघतात. तिथे नुसतं वरून घासून काही होत नाही, निरोगी धातू लागेपर्यंत खरवडावं लागतं आणि किती खोल गेलं ते डेप्थ गेजने मोजून वहीत लिहावं लागतं. चाकांचे हब आणि काही गिअरबॉक्सची खोकी मॅग्नेशियमची असतात. त्यांचा गंज राखाडी, पिठूळ. त्यांना ग्राइंडर लावला तर बारीक कीस पेट घेतो आणि ती आग पाण्याने भडकते. जवळ कोरड्या वाळूची बादली ठेवावी आणि घासकाम हातानेच करावं.

घासायला लोखंडी तारेचा ब्रश किंवा स्टील वूल अजिबात नको. लोखंडाचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि प्रत्येक कणाभोवती नवा गंज सुरू होतो. नायलॉनचे घासणीपॅड वापरावेत. धुण्यासाठी सौम्य, न्यूट्रल साबण. कॉस्टिक सोड्याने पत्रा क्षणात चकचकीत दिसतो खरा, पण तो चकचकीतपणा म्हणजे खाऊन गेलेला धातू आहे. पक्ष्यांची विष्ठा आठवड्याच्या आठवड्याला धुवावी. तिच्याखाली ओल टिकते आणि डागाच्या जागी खड्डा पडतो. इंजिनच्या तोंडाला आणि मागच्या नळीला १२ मिलिमीटरची जाळी लावली की साळुंक्या आणि पारवे थांबतात. गांधीलमाश्यांसाठी पिटो नळीला (हवेच्या दाबावरून वेग मोजणाऱ्या नळीला) टोपी हवी. पण कुठलंही तोंड पूर्ण बंद करू नये. हवा खेळली पाहिजे. प्लॅस्टिकने गुंडाळलेलं विमान आतून घामाने भिजतं.

कॅनपीचं पर्स्पेक्स, म्हणजे काचेसारखं प्लॅस्टिक, हा नाजूक विषय. पेट्रोल, थिनर, काच पुसायचे फवारे यांतलं काहीही लागलं की आत केसासारख्या बारीक भेगांचं जाळं उमटतं आणि ते परत जात नाही. भरपूर पाण्याने धूळ आधी वाहून जाऊ द्यावी, मग हाताच्या तळव्याने साबण फिरवावा, कोरड्या फडक्याने पुसू नये. ओरखडे १,५०० ग्रेडपासून १२,०००पर्यंत चढत जाणाऱ्या घासपट्ट्यांनी, पाण्यासोबत, दर टप्प्याला दिशा बदलत काढता येतात. एका कॅनपीला दिवसचे दिवस लागतात, आणि ते दिवस द्यावेत. झाकण पांढऱ्या सुती कापडाचं असावं.

रंगकामाआधी एक काम राहून जातं आणि ते भरून काढता येत नाही. जुन्या रंगाखाली विमानाचा इतिहास असतो: जुने क्रमांक, स्क्वाड्रनची चिन्हं, सूचनांच्या ओळी. घासायला सुरुवात करण्याआधी प्रत्येक अक्षर बटर पेपरवर गिरवून, मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढावेत. रुपयाएवढ्या जागेवर बारीक पॉलिश पेपरने थर-थर उघडत गेलं की झाडाच्या वर्तुळांसारखे रंगांचे वेढे दिसतात आणि कोणता रंग कोणत्या काळाचा ते कळतं. मूळ रंग चांगला टिकलेला असेल तर तो घासूच नये. नुसता स्वच्छ करून तसाच ठेवलेला थकलेला रंग नव्या चकाकीपेक्षा मोलाचा आहे, असं माझं ठाम मत आहे. चौकाला शोभा यावी म्हणून विमान मनाजोगत्या रंगात रंगवणं म्हणजे त्या विमानावर काम केलेल्या माणसांची सही पुसणं आहे.

रंग मारायचाच असेल तर क्रम असा: धुणं, डीग्रीझ करणं, नायलॉन पॅडने हलकं घासणं, पुन्हा पुसणं. पुसताना दोन फडकी, एक द्रावणात भिजलेलं आणि द्रावण उडून जाण्याआधी त्यामागून फिरणारं दुसरं कोरडं. मग स्वच्छ पाणी शिंपडून पाहायचं. पाण्याचा सलग पडदा अर्धा मिनिट टिकला तर पत्रा स्वच्छ, थेंब-थेंब झाले तर अजून तेल आहे. त्यावर दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर २० ते २५ मायक्रॉन, त्यावर पॉलियुरेथेन ५० ते ६०. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली आणि पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश वर हवं. साताऱ्याच्या थंडीत पत्रा रात्री गारठतो, म्हणून सकाळी अकराच्या आधी डबा उघडू नये आणि चारनंतर नवा हात मारू नये. पॉलियुरेथेनच्या फवाऱ्यात आयसोसायनेट हे फुप्फुसांना घातक रसायन असतं. त्याला बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो, साधा चालत नाही. तो मिळत नसेल तर फवाऱ्याऐवजी रोलर वापरावा. फिनिश किंचित कमी येईल, पण पेंटरची फुप्फुसं शाबूत राहतील.

पायाबद्दल थोडंच. कृष्णाकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. उथळ पायावरचा चौथरा तिच्यासोबत हलतो, म्हणून मुरुमापर्यंत जावं किंवा अंडररीम्ड पाइल (तळाशी फुगवलेले जमिनीतले काँक्रीटचे खांब) घ्यावेत. विमानाचं वजन जॅकिंग पॉइंटवर (जॅक लावायच्या ठरलेल्या जागांवर) आणि पंखाच्या मुख्य फ्रेमवरच द्यावं. धडाच्या पत्र्याला लोखंडी पाळणा वेल्ड किंवा बोल्ट करून चिकटवू नये, आणि पोलाद-ॲल्युमिनियम भेटतात तिथे निओप्रीनचा थर असावा. चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उगाच नाहीत, त्या वाऱ्यात पंख उचल खातात. सांगलीत आणखी एक शक्यता धरावी लागते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४५. बंद टाक्यांचं रिकामं विमान पुराच्या पाण्यात तरंगतं, कारण बाजूला सारलेल्या दर घनमीटर पाण्यामागे १,००० किलोचा उचल बल मिळतो. टाक्यांची खालची बुचं उघडी असावीत आणि तळाचे अँकर वर ओढणाऱ्या बलासाठीही मोजलेले असावेत. पूर ओसरल्यावर गाळ वाळण्याआधी गोड्या पाण्याने आतून धुणं, हे पहिल्या काही दिवसांतच झालं पाहिजे.

१९४८ मध्ये आपल्या हवाई दलात आलेल्या व्हॅम्पायर या पहिल्या जेट विमानाचं पुढचं धड लाकडाचं आहे, प्लायवूडच्या दोन पातळ थरांमध्ये बाल्सा. त्याला धातूचे नियम लागत नाहीत. सरस सुटलेला थर बोटाच्या टिचकीने ओळखावा लागतो, भरीव आवाज आणि पोकळ आवाज. असं एखादं धड कधी या भागात दुरुस्तीला आलं तर मिरजेच्या सतारमेकरांना नक्की बोलवावं. पातळ लाकूड, सरस आणि दमट हवा यांचं वागणं त्यांच्याइतकं जवळून कुणी पाहिलेलं नाही.

आणि हे सगळं शिकवायचं कुणाला? आयटीआयच्या मुलामुलींना. पॉप रिव्हेट सगळ्यांना येतात, पण त्यांच्या पोकळ दांड्यातून पाणी आत जातं आणि मूळ विमानात ते अशा जागी नव्हते. भरीव रिव्हेट मारायला दोन माणसं लागतात, एक बाहेरून गन धरणारा आणि दुसरा आतून डॉली, म्हणजे जड धातूचा ठोकळा, टेकवणारा. १.२ आणि १ मिलिमीटरचे दोन पत्रे जोडायचे तर जाडी २.२. रिव्हेट ३.२ मिलिमीटरचा, त्याच्या व्यासाची दीडपट म्हणजे ४.८ जादा, एकूण लांबी ७ मिलिमीटर. भोक ३.३चं, पत्र्याच्या कडेपासून व्यासाच्या किमान दुप्पट आत. पत्र्यांच्या मधे ड्रिलने उठलेल्या कडा खरवडून, सीलंट लावून मगच जोडायचं. आतलं डोकं ४.८ रुंद आणि १.६ उंच झालं पाहिजे. डॉली वाकडी धरली की ते एका बाजूला झुकतं, गन जास्त चालली की चपटं होऊन कडेला चिरतं. असा रिव्हेट ड्रिलने डोक्यापुरता पोखरून, पंचाने ठोकून काढायचा आणि भोक मोठं न करता दुसरा मारायचा, हेही शिकावं लागतं. भंगाराच्या पट्ट्यांवर सलग दोन ओळी गेजमध्ये बसल्या की त्या जोडीला विमानाच्या पत्र्यावर काम द्यावं, आणि वहीत त्या ठिगळापुढे दोघांचीही नावं लिहावीत, गन धरणाऱ्याचं आणि डॉली धरणाऱ्याचं.